डोरियन बोटांत बसला, कानात बसत नाही

सहावी_तार

नमस्कार मंडळी. गिटार हातात घेऊन चार वर्षं झाली. ओपन कॉर्ड, बार कॉर्ड, मायनर पेंटॅटोनिकचे पाचही बॉक्स येतात. दोन महिन्यांपूर्वी मोड (त्याच सात सुरांत वेगळ्या सुराला घर मानून होणारे स्केलचे प्रकार) शिकायला घेतले आणि सुरुवात डोरियनने केली. जिथे वाचावं तिथे एकच वाक्य होतं: सी मेजर स्केल डीपासून डीपर्यंत वाजवा, झाला डी डोरियन.

तसंच केलं. सहाव्या तारेवर १०, १२, १३ हे फ्रेट (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या). पाचवी, चौथी आणि तिसरीकडे येताना १०, १२, १४. दुसरी आणि पहिली १२, १३, १५. रोज अर्धा तास, मेट्रोनोम ६० पासून. आता १०० ला एका ठोक्यात दोन सूर स्वच्छ येतात, चढताना आणि उतरतानाही.

परवा पहिल्यांदाच मनाने काहीतरी वाजवून फोनवर रेकॉर्ड केलं आणि ऐकल्यावर हिरमोड झाला. सगळा सी मेजर! प्रत्येक ओळ फिरून फिरून सीवर जाऊन बसते. एकही सूर चुकलेला नाही, तरी डोरियन त्यात औषधालाही सापडत नाही. गाणं शिकणाऱ्या बहिणीला ऐकवलं, तर ती म्हणाली, "हे तर सरळ बिलावलचे सूर आहेत, सुरुवात तेवढी रिषभावरून केली आहेस."

दोन महिने मी नक्की काय शिकलो हेच कळेनासं झालंय. इथून पुढे काय करू? ज्यांना हा मोड खरंच ऐकू येतो त्यांनी सांगावं.

मंद्र

एकच प्रश्न. सराव करताना मागे काय वाजत असतं?

सहावी_तार

फक्त मेट्रोनोम.

मंद्र

मग उत्तर तिथेच आहे.

बहिणीने बरोबर ओळखलं. कानाला सा कुठला हे कोणीतरी सांगावं लागतं. तुम्ही डीवरून निघालात म्हणून डी सा होत नाही. मागे काहीच वाजत नसलं की कान ओळखीचं घर शोधतो, आणि त्या सात सुरांतलं सगळ्यात ओळखीचं घर म्हणजे सी. लहानपणापासून ऐकलेल्या असंख्य चाली त्याला तिकडेच ओढतात.

तो दहाव्या फ्रेटवरचा आकार थोडे दिवस बाजूला ठेवा. एकाच तारेवर या. सहावी तार मोकळी छेडा, ती ई, ती तुमचा सा. ती घुमत असताना पहिल्या तारेवर, तीही ईच आहे, हे फ्रेट वाजवा: मोकळी, २, ३, ५, ७, ९, १०, १२. हा ई डोरियन. सहावी तार विरायला लागली की पुन्हा छेडायची. घाई करायची नाही, प्रत्येक सूर खालच्या ईबरोबर कसा लागतो ते ऐकायचं.

आता खरी गंमत. सातव्या फ्रेटवर थांबा, तो पंचम. तिथून नवव्यावर जा आणि परत सातव्यावर या. हे चार-पाच वेळा करा. मग नवव्याऐवजी आठव्यावर जा. सात, आठ, सात. एका फ्रेटचा फरक आहे, पण खोलीतला उजेड बदलल्यासारखं वाटेल. आठवा वाजवलात तर तो साधा नैसर्गिक मायनर. नववा वाजवलात की डोरियन. बाकी सहा सूर दोन्हींत तेच आहेत. डोरियनची सगळी ओळख त्या नवव्या फ्रेटवर आहे, आणि तुमच्या दोन महिन्यांच्या सरावात त्या सुराला सातांपैकी एक यापलीकडे काही जागा मिळाली नाही.

पहिला आठवडा एवढंच करा. वेग विसरा.

फ्रेटबोर्ड

मंद्र यांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे, पण सी मेजरवाल्या पद्धतीची बाजूही मांडतो. ती नकाशा म्हणून उत्तम आहे. ज्याचा डोरियन हवा त्याच्या दोन फ्रेट खालचा मेजर धरायचा: डीला सी, ईला डी, एला जी. मेजरचे आकार हातात असतील तर बाराही पट्ट्यांतले डोरियन एका दिवसात सापडतात. दोन महिने वाया गेले असं मुळीच समजू नका, बोटं तयार झाली आहेत. चूक एवढीच झाली की नकाशा पाहिला आणि प्रवास झाला असं वाटलं.

एका खड्ड्याबद्दल आधीच सांगून ठेवतो. आता तुम्ही मागे कॉर्ड लावाल, आणि सगळीकडे सांगतात तशी डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन ही जोडी घ्याल. जोडी योग्यच आहे. पण जी सेव्हनला सीकडे जायची जबरदस्त ओढ असते. दोन्ही कॉर्ड सारखा वेळ वाजवलेत तर कान पुन्हा सीची वाट बघायला लागतो आणि तुम्ही होता तिथेच याल. मी स्वतः यात कित्येक महिने अडकलो होतो.

यावर दोन उपाय. पहिला, तीन बार (म्हणजे ठोक्यांची आवर्तनं) डी मायनर आणि एकच बार जी. दुसरा मला जास्त आवडतो: जीमधला सातवा सूर काढून टाका आणि खर्जात डी तसाच राहू द्या. पहिल्या फ्रेटजवळ साधा डी मायनर धरा, चौथी तार मोकळी. मग चौथी, तिसरी, दुसरी मोकळ्या आणि पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट. हा जी झाला, पण त्याच्या तळाशी डी आहे. चौथी तार दोन्ही कॉर्डमध्ये घुमत राहते आणि सा हलत नाही. त्या जीमधली मोकळी दुसरी तार म्हणजे बी, म्हणजेच डी डोरियनचा तो खास सूर. मंद्र यांचा नववा फ्रेट इथे कॉर्डमध्ये आला.

झंकार

वाचतेय. माझंही गाडं नेमकं इथेच अडलंय, त्यामुळे धागा काढल्याबद्दल आभार.

अनवट

मी गाण्याकडून गिटारकडे आले, त्यामुळे मला हे उलट्या बाजूने दिसतं.

सा रे कोमल ग, म प ध, कोमल नि. हा काफी थाट, थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठीचा सुरांचा साचा. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी दहा थाट मांडले, त्यातले सहा या मोडांशी सुरासूर जुळतात. आयोनियन, म्हणजे साधा मेजर स्केल, तो बिलावल, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. सातव्या लोक्रियनला जोडीदार नाही, कारण त्यात शुद्ध पंचमच नाही. उरलेले चार थाट, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, मेजर स्केल कुठूनही सुरू केलं तरी सापडत नाहीत. कर्नाटक संगीतात याच काफीच्या सुरांना खरहरप्रिया म्हणतात, तो २२ वा मेळकर्ता, म्हणजे तिकडचा थाटासारखा मूळ साचा.

फ्रेटबोर्ड म्हणतात तो नकाशा आपल्याकडेही जुनाच आहे, त्याला मूर्च्छना म्हणतात. बिलावलच्या रिषभाला सा मानलं की काफी होतो. पण गाताना आम्ही मूर्च्छनेने थाट शिकत नाही. तानपुरा लावतो आणि सा तिथेच ठेवून स्वर बदलतो. कोमल धैवत लावला की आसावरी, शुद्ध लावला की काफी. सा जागचा हलत नाही, म्हणून प्रत्येक स्वराचं सा शी नातं कानात बसतं.

म्हणून सहावी_तार, माझा आग्रह आहे की वाजवताना गा. आवाज कसाही असो. सातव्या फ्रेटवर "प", नवव्यावर "ध", तिसऱ्यावर "ग" म्हणत वाजवा. बोट आधी आणि आवाज मागून, असं सुरुवातीला होईल. काही दिवसांनी आवाज आधी लागेल आणि बोट त्याच्या मागे जाईल. तिथून पुढे आकृतीची गरज कमी होते.

एक मात्र मनापासून सांगते. थाट म्हणजे राग नव्हे. काफीचे सूर ओळीने वाजवले म्हणजे राग काफी झाला असं समजू नका. रागाला चलन असतं, ठरलेल्या जागा असतात, आणि काफीत तर गाणारे शुद्ध ग आणि शुद्ध नि सुद्धा हौसेने घेतात. डोरियन हा सुरांचा संच आहे. दोघांचं नातं ओळखीपुरतं ठेवा, दोघांचाही मान राहील.

एकतारी

अनवट, हे थाटांचं जुळवणं मला नेहमी थोडं खटकतं. मोडवर संगीत रचताना खाली कॉर्ड असतात, त्या बदलत जातात. काफी ऐकलेल्या माणसाने डोरियन वाजवला की तो एकाच षड्जावर आळवत बसतो आणि कॉर्ड बदलली की गोंधळतो. मी स्वतः अशा दोघा-तिघांबरोबर वाजवलं आहे.

अनवट

तुमचा मुद्दा मान्य आहे, माझंही असंच झालं होतं. पण सहावी_तार यांची अडचण त्याच्या आधीची आहे. त्यांना अजून सा ऐकू येत नाहीये. तो ऐकू आला की कॉर्ड बदलणं पुढचा धडा. आधी उभं राहता यायला हवं ना.

सहावी_तार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दीड तास बसलो. सात-आठ-सात आणि सात-नऊ-सात करून पाहिलं. मंद्र, तुम्ही उजेडाचं म्हणालात ते अगदी तसंच झालं. आठव्यावर सगळं मिटून घेतल्यासारखं वाटतं, नवव्यावर कोणीतरी खिडकी उघडतं. चार वर्षं गिटार वाजवतोय, पण दोन सुरांतला फरक इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकलाच नव्हता.

दोन अडचणी आहेत. सहावी तार सारखी छेडावी लागते, त्यात चाल तुटते. आणि नवव्या फ्रेटचा सी शार्प मोकळ्या ईवर मला जरा टोचतो, किंचित चढा वाटतो. कान चुकतोय की गिटार?

मंद्र

पहिल्यासाठी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, ईमध्ये, सा आणि प. आवाज गिटारपेक्षा बराच कमी ठेवा, म्हणजे तो ऐकायला कान पुढे करावा लागेल.

दुसऱ्यासाठी आधी गिटार तपासा. पहिल्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) वाजवा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्ही सूर तंतोतंत एक यायला हवेत. दाबलेला चढा येत असेल तर आधी तारा बदला. जुन्या तारांत हा दोष हमखास येतो. नव्या तारांवरही फरक राहिला तर ब्रिजवरून इंटोनेशन, म्हणजे तारेची लांबी जुळवून फ्रेटवरचे सूर, लावून घ्यावं लागेल.

अनवट

आणि गिटार अचूक असली तरी थोडं टोचणारच, त्यात तुमचा कान चुकत नाहीये. फ्रेट बारा समान भागांच्या हिशेबाने बसवलेले असतात. तानपुऱ्याबरोबर गाताना शुद्ध ध जिथे शांत होतो, ती जागा गिटारच्या धपेक्षा साधारण १६ सेंट खाली आहे. एक फ्रेट म्हणजे १०० सेंट, त्यावरून अंदाज करा. कोमल ग चं बरोबर उलटं: गाताना तो जिथे बसतो त्यापेक्षा तिसरा फ्रेट जवळजवळ तेवढाच खाली पडतो.

कोमल ग ला उपाय आहे. तार अगदी नखभर खेचा, सूर चढून जागेवर येतो. धला तो उपाय नाही, कारण खेचून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. मी धवर लांब थांबत नाही, तिथून पंचमावर किंवा निषादावर सरकते. लांब थांबायचंच असेल तर मागचा सा हलका करते.

तिहाई

मी बँडमध्ये वाजवतो. माझा रस्ता वेगळा आहे आणि पेंटॅटोनिक येणाऱ्यांना तो फार लवकर लागू पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पाचव्या फ्रेटवरचा ए मायनर पेंटॅटोनिक तुम्हाला झोपेतही येत असेल. त्यात पाच सूर आहेत: ए, सी, डी, ई, जी. डोरियन करायला फक्त दोन सूर घालायचे, बी आणि एफ शार्प. नवा आकार पाठ करायचा नाही, जुन्या घरात दोन खोल्या वाढवायच्या. बी मिळतो सहाव्या आणि पहिल्या तारेवर सातव्या फ्रेटला, आणि तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला. एफ शार्प मिळतो चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटला आणि दुसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला. म्हणजे पहिलं बोट दोन ठिकाणी एक फ्रेट मागे जातं, बाकी हात तिथेच.

आता कॉर्ड. ए मायनर सेव्हन असा धरा: सहाव्या, चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट, पाचवी आणि पहिली बंद. मग खर्ज सहाव्या तारेवरून पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर न्या आणि चौथ्या तारेवरचं बोट पाचव्यावरून चौथ्या फ्रेटवर. तिसरी आणि दुसरी तार तशाच, सहावी बंद. हा डी नाइन झाला. खर्ज सोडला तर एकच सूर हलला: चौथ्या तारेवरचा जी एक फ्रेट उतरून एफ शार्प झाला. तोच तुमचा ध!

हे फोनवर दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा. ए मायनर दोन बार, डी दोन बार. वर वाजवताना ए मायनर चालू असेपर्यंत नेहमीचा पेंटॅटोनिक वाजवा. डी आला की त्याच क्षणी एफ शार्पवर या. आधी फक्त एवढंच, बदलाच्या पहिल्या ठोक्यावर तो एक सूर. कॉर्ड आणि सोलो एकाच वेळी एकाच सुरावर भेटले की अंगावर काटा येतो, आणि मोड म्हणजे काय हे पुन्हा विचारावं लागत नाही.

एकतारी

तिहाई, पद्धत आवडली. एक सावधगिरी सांगू का? या सल्ल्यानंतर लोक जिथे तिथे सहावा सूर आपटतात. दर ओळीत तो, दर ओळीच्या शेवटी तो. मग ते डोरियनची जाहिरात केल्यासारखं ऐकू येतं. आधी सा, कोमल ग आणि प यांनी मायनरचं वातावरण पक्कं होऊ द्या. ते नीट जमलं की मग एकदाच ध येऊ द्या. वाट पाहायला लावून आलेला ध फार मोठा वाटतो.

तिहाई

पूर्ण सहमत. पहिल्या ठोक्यावर तो घ्यायचा हा सराव आहे, वादन नव्हे. हे मी लिहायला हवं होतं.

फ्रेटबोर्ड

ऐकण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचं १९५९ सालचं 'सो व्हॉट' ऐका, डोरियनसाठी याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. ३२ बारांचा साचा आहे: १६ बार डी डोरियन, ८ बार ई फ्लॅट डोरियन, शेवटी ८ बार परत डी डोरियन. म्हणजे गिटारवर सगळा आकार एक फ्रेट वर सरकतो आणि परत खाली येतो. आधी गिटार न घेता ऐका आणि पट्टी सरकते तिथे फक्त हात वर करा. मग बरोबर वाजवा. एकतारी म्हणाले तो कॉर्ड बदलण्याचा गोंधळ इथे सगळ्यात कमी होतो, कारण बदल एकच आहे आणि तो बराच वेळाने येतो.

झंकार

माझा अनुभव सांगते. तानपुरा लावून सरळ सातही सुरांत सुटले आणि पुन्हा भरकटले. मग सा, ग, प, ध एवढेच चार सूर घेऊन बसले. निवडायला कमी असलं की ऐकायला वेळ मिळतो. तीन दिवसांनी नि घेतला, आणखी दोन दिवसांनी म. रे शेवटी. हा क्रम माझा मीच लावला, चुकला असेल तर सांगा.

मंद्र

झंकार, अजिबात चुकला नाही. मी यापुढे शिकवताना हाच क्रम वापरून बघेन.

सहावी_तार

तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

तारा बदलल्या, टोचणं बरंच कमी झालं. जे उरलं ते अनवट म्हणाल्या तसं धवर न थांबता सांभाळतो. कोमल ग नखभर खेचायला लागल्यापासून तर तिसरा फ्रेट नुसता दाबलेला ऐकवत नाही.

पहिला आठवडा एका तारेवर, दुसरा झंकार यांच्या चार सुरांवर, तिसरा तिहाई यांच्या दोन कॉर्डवर गेला. गाण्याचं आधी फार लाजत केलं. दार लावून, अगदी हळू आवाजात. दहाव्या-बाराव्या दिवशी लक्षात आलं की वाजवायच्या आधी मला धैवत डोक्यात ऐकू येतोय आणि बोट नवव्या फ्रेटवर आपोआप पडतंय. त्या दिवशी मेट्रोनोम लावलाच नाही.

काल तो जुना दहाव्या फ्रेटवरचा आकार पुन्हा काढला. तानपुरा डीमध्ये, सूर तेच, बोटं तीच. दोन मिनिटं वाजवून रेकॉर्ड केलं आणि तानपुरा बंद करून आणखी अर्धा मिनिट वाजवलं. मुद्दाम, बघायला. शेवटची ओळ सी, बी, ए, एफ अशी उतरली, ईवर क्षणभर अडली आणि डीवर थांबली. मागे काहीच वाजत नव्हतं.

बहिणीला काही न सांगता ते ऐकवलं. ती आधी गप्प होती, मग तिने सा लावला. डीवर लावला.

आता मिक्सोलिडियनची घाई झालीय. तो कसा सुरू करू?

मंद्र

वाचून फार बरं वाटलं. पुन्हा पहिल्या तारेवर या, सहावी मोकळी. तिसऱ्या फ्रेटऐवजी चौथा घ्या, म्हणजे कोमल ग चा शुद्ध ग. बाकी सगळे सूर जागच्या जागी. पाच, चार, पाच असं करून ऐका, मग पाच, तीन, पाच. काय ऐकू आलं ते इथेच लिहा.